पिकअपमधलं बिऱ्हाड

आये, घोडीवर बिऱ्हाड लादताना तू सगळ्यात आधी काय ठेवायचीस? पिठाचं गाठोडं, की भांड्यांचं पोतं? तुला जाऊन वीस वर्षांहून जास्त झाली आणि इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कधी पडला नाही. आता गेल्या दोन वर्षांत तो इतक्या वेळा पडला, की आज सुट्टीच्या दिवशी कागद पुढं ओढून बसलोय. तुझी सून आत भाजी निवडतेय. तिला वाटतंय मी कारखान्याचं काही लिहितोय.

आधी सांगतो, असा प्रश्न पडायचं कारण काय. मी एक जुनी पिकअप घेतली. पुढं दोन रांगांत माणसं बसतात, मागं उघडा हौदा आहे, आणि अडचणीच्या जागी चारही चाकं ओढतात अशी ती गाडी आहे. दारात उभी केली तेव्हा तुझी सून बाहेर आली, एक चक्कर मारली आणि म्हणाली, "भाजी विकायचीय का?" तिचंही बरोबर होतं. बारामतीत अशा गाडीतून खताची पोती नाहीतर ऊसतोडीची माणसं जातात. तुझी नात शिकायला पुण्याला गेली आणि घर एकदम मोठं वाटायला लागलं, म्हणून आम्ही दोघं शनिवारी दुपारी बाहेर पडायला लागलो होतो. कधी सुप्याच्या बाजूला माळावर हरणं बघायला, कधी उजनीच्या फुगवट्याला रोहित पक्षी बघायला. संध्याकाळ झाली की परत फिरावं लागायचं, आणि मला ते परत फिरणं नकोसं व्हायचं. वाटायचं, इथंच राहावं. हे तिला सांगितलं तर ती म्हणाली, "मग राहू की. पण मला अंथरूण लागेल आणि सकाळी चहा लागेल." तेवढ्यावरून हे सगळं सुरू झालं.

पहिल्यांदा आम्ही हौद्यावर नुसती ताडपत्री बांधली, खाली गादी टाकली आणि घरातली भांडी एका खोक्यात भरून उजनीच्या काठाला गेलो. इंदापूरच्या अलीकडं पाणी ओसरलेलं होतं, वरून जमीन वाळलेली दिसत होती. मी गाडी खाली घातली आणि ती चाकांच्या निम्म्यापर्यंत गाळात बसली. एका शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरनं ओढून काढेपर्यंत दिवस मावळला. मागं जाऊन बघतो तर खोकं आडवं झालेलं, पीठ गादीवर सांडलेलं, आणि तेलाची बाटली कुठं गेली ते सापडतच नव्हतं. ती अंथरुणात सापडली. तुझी सून पिठात हात घालून हसायला लागली. मीही हसलो, पण त्या वेळी पहिल्यांदा तू आठवलीस. दिवाळी झाल्यापासून पाऊस तोंडावर येईपर्यंत मेंढरांमागं तू रोज एक घर उचलायचीस आणि रोज एक मांडायचीस. तुझं पीठ कधी सांडल्याचं मला आठवत नाही.

मग हळूहळू एकेक काम निघत गेलं. भिगवण रोडला एक फॅब्रिकेशनवाला आहे, त्याच्याकडून हौद्यावर लोखंडी सांगाडा करून घेतला. नंतर खाली दोन लांब खण बसवले, मागचं फळकं पाडलं की ते बाहेर ओढता येतात. एकात स्वयंपाकाचं, दुसऱ्यात हत्यारं, दोर आणि फावडं. गाळाचा धडा घेऊन टायर बदलले. टपावर काळा जाड पाइप बसवून त्यात पाणी भरायची सोय केली, त्याला तोटी लावली. दिव्यासाठी वेगळी बॅटरी घातली. दर दोन महिन्यांनी एक काम. प्रत्येक फेरीत काहीतरी चुकलेलं कळायचं आणि मी पुन्हा त्या फॅब्रिकेशनवाल्यापुढं उभा. तो म्हणायचा, "साहेब, एकदाच काय ते ठरवा." मी कारखान्यात दिवसभर पार्टची मापं तपासतो, केसाएवढा फरक झाला तर माल परत पाठवतो. आणि इथं मला मिठाचा डबा कुठं ठेवावा ते ठरवता येत नव्हतं.

म्हणून गाडी घेऊन वस्तीवर गेलो, आबांना विचारायला. आबा अजून निमगाव केतकीच्या आपल्या वस्तीवरच राहतात, बारामतीला येत नाहीत. चार शेरडं आहेत, शेजारी चुलतभावाचं घर आहे. तब्येत वयाच्या मानानं बरी, गुडघे तेवढे धरतात. त्यांनी काठी टेकत गाडीभोवती फेरी मारली.

"मेंढरं न्यायला घेतली का?"

"नाही आबा. फिरायला. कुठं मुक्काम करायला."

"मुक्कामाला? बारामतीत घर हाय की तुला."

मी काहीतरी उत्तर दिलं आणि मग विचारलं, आय घोडीवर कसं लादायची, काय खाली, काय वर. आबा बराच वेळ खणाकडं बघत राहिले. मला वाटलं आठवतायत. मग म्हणाले, "मला काय ठावं? आमी उजाडायच्या आत मेंढरं घिऊन फुडं जायाचो. सांजंला पोचायचो तवा चूल पेटल्याली असायची. मधलं समदं तिचं."

मला ते ऐकून धक्काच बसला, आये. जन्मभर ज्या माणसाचं घर घोडीवरून गेलं, त्यानं ते लादताना एकदाही पाहिलेलं नव्हतं. म्हणजे ते फक्त तुला येत होतं, आणि ते तुझ्याबरोबर गेलं.

मला आठवतं ते घोडीवरून दिसलेलं. मी वर बसलोय, मागं डालग्यात कोंबड्या, पुढं पोत्यातून डोकं काढलेलं कालचं कोकरू. तू कासरा धरून पुढं चाललीयेस. तुझा पदर डोक्यावर आहे, काठ उन्हानं पांढरा पडलाय. तू चालता चालता बोलतेस, पण माझ्याशी नाही, घोडीशी. एकदा मला कंटाळा आला म्हणून मी पोत्यात हात घालून पळी ओढून काढली. थोड्या वेळानं सगळं वझं एका बाजूला कलंडलं, डालगं खाली आलं, कोंबड्या रानात पांगल्या. तू मला खाली उतरवलंस, कोंबड्या गोळा केल्यास, मग वझं सोडून पुन्हा बांधलंस, आणि सगळं झाल्यावर माझ्या पाठीत एक धपाटा घातलास. "येक काढलं की समदं ढिलं हुतंय. कळतंय का?" मला कळलं नव्हतं. पण त्या दिवशी शेजारीच उभा होतो तरी तू काय आधी उचललंस ते मी पाहिलं नाही. मी घाबरून धपाट्याच्या आधीपासूनच रडत होतो.

त्यानंतरच्या हंगामाच्या सुरुवातीला तू मला इंदापूरच्या वसतिगृहात सोडलंस. त्याआधी काही दिवस आबा भावकीत बोलताना मी ऐकलं होतं, "ह्याच्यानं मेंढरं व्हायची न्हाईत. शाळंत टाकतो." मी घोंगडीत तोंड घालून पडलो होतो. सोडायला तू एकटीच आलीस. बाजारातून मला चपला घेतल्यास, एक बोट मोठ्या, पुढच्या वर्षीही याव्यात म्हणून. सरांपुढं उभी राहिलीस, मान हलवलीस, माझ्या डोक्यावरून हात फिरवलास आणि निघालीस. मेंढरांचा वाडा पुढं गेला होता, तुला चालून गाठायचा होता, हे मला माहीत होतं. तरी मी फाटकाला धरून उभा होतो, की तू वळून बघशील. रस्ता सरळ होता, तू बराच वेळ दिसत राहिलीस. तू वळली नाहीस. पुढं मी शिकलो, नोकरीला लागलो, लग्न केलं, तू माझ्या घरी येऊन चार दिवस राहिलीसही. तेव्हा हे कधी बोललो नाही. राग नव्हता. पण माझ्या मनानं घेतलं होतं, की मी मेंढरांच्या कामाचा नव्हतो म्हणून आबांनी मला काढलं, आणि तुझं तेवढं वझं कमी झालं.

गाडीचं पुढं असं झालं, की मला टपावर तंबू बसवायचा होता. शिडीनं वर चढायचं आणि उंचावर झोपायचं. त्यासाठी शिडीसकट लोखंडी रॅकही बसवून घेतला. तो दाखवायला वस्तीवर गेलो तेव्हा आबांनी शिडीच्या पहिल्या पायरीला हात लावला, दुसऱ्या पायरीला लावला, आणि हात काढून घेतला.  परत येताना तो काढून घेतलेला हात माझ्या डोळ्यांपुढून हलेना. पुढच्या आठवड्यात मी रॅक काढून टाकायला लावला. फॅब्रिकेशनवाल्यानं डोक्याला हात लावला. तंबूच्या जागी आम्ही हौद्यातच, खणांच्या वर, फळ्यांचा पलंग केला. मागं घडीची पायरी लावली आणि वर चढताना धरायला पाइपची मूठ बसवली.

तुझ्या सुनेनं मूठ बघितली. "आबांसाठी?"

"आपलंही वय होणारच आहे," मी म्हटलं.

"हो का," ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी बाजारातून जाड गादी आणली.

आबांनी पलंगावर पडून बघितलं. काठीसकट आडवे झाले आणि छताकडं बघत म्हणाले, "पाय भाईर ऱ्हात्यात." खरंच राहत होते. तुला माहीतच आहे त्यांची उंची. मग मागचं फळकं पाडून त्यावर जादा फळी टाकायची सोय केली, वरून ताडपत्रीची झडप. पुन्हा पडून बघितलं. "आता बराय." तेव्हा मी विचारलं, "येताय का कोकणात? तुमच्या जुन्या वाटंनं?" ते उठून बसले, पायानं चपला शोधायला लागले. चपला सापडल्यावर म्हणाले, "शेरडांचं बघाया सांगतो मग."

दिवाळी झाल्यावर निघालो, तुम्ही निघायचात त्याच सुमाराला. आबा पुढं, तुझी सून मागं. नीरा गेलं, शिरवळ गेलं, भोर आलं. मला वाटत होतं ते गाव दिसलं की बोलतील, हितं बसायचो, तितं पाणी पाजायचो. ते एक अक्षर बोलेनात. दोन्ही हात काठीवर ठेवून काचेतून बघत होते. भोरच्या पुढं मी विचारलं, ओळखीचं वाटतंय का. "ही वाट न्हवं," ते म्हणाले. मी म्हटलं, वाट हीच आहे, डांबर झालंय, हॉटेलं झालीत. "न्हवं. आमी खालनं जायाचो."  तुझी सून आरशातून माझ्याकडं बघत होती. मला पश्चात्ताप व्हायला लागला होता. वाटलं, म्हाताऱ्या माणसाला त्याचं काहीच उरलं नाही हे दाखवायला एवढ्या लांब आणलं.

वरंधा घाटाच्या माथ्यावर गाडी थांबवली. वारा जोरात होता. आबा उतरले, मी हात द्यायला गेलो तर त्यांनी झिडकारला. कठड्यापाशी जाऊन उभे राहिले आणि खाली बघत राहिले. बऱ्याच वेळानं काठी उचलून दाखवली. खाली एक नदी वळत होती, वळणाला झाडीचा पट्टा आणि पलीकडं भाताची कापलेली खाचरं. "ती बग. तितं. तुझी आय आदी तितं पोचायची." 

घाट उतरलो आणि विचारत विचारत त्या नदीपर्यंत गेलो. शेवटचा तुकडा बैलगाडीच्या वाटेचा होता, मधे नदीचा एक फाटा. तुझी सून खाली उतरली, साडीचा ओचा खोचून पाण्यात गेली आणि कुठं दगड मोठे आहेत ते हातानं दाखवत राहिली. मी चारही चाकांना जोर देऊन गाडी हळूहळू नेली. आतला खण खडखडला, पण काही सांडलं नाही. आबा म्हणाले, "घोडी हितं अडायची." शेत ज्याचं होतं तो माणूस भात झोडत होता. राहू का विचारल्यावर म्हणाला, "ऱ्हावा की. पूर्वी इथं मेंढरं बसायची." आबा त्याला म्हणाले, "आमचीच."

दिवस अजून कासराभर वर होता. मी मागचं फळकं पाडलं, खण ओढला, शेगडी लावली. पातेली काढली, पिठाचा डबा, मिठाचा डबा, तवा. तोटी सोडून तांब्या भरला. तुझ्या सुनेनं ताडपत्री ताणून बांधली, खाली सतरंजी टाकली. आबा एका दगडावर बसून सगळं बघत होते. इतकं लक्ष देऊन बघत होते, की मी विचारलं, "काय झालं? काही पाहिजे का?"

"न्हाय. मांडताना मी कधी बघितलंच न्हवतं." काठीनं शेगडीकडं दाखवत म्हणाले, "रोज मांडल्यालंच असायचं."

तुझी सून पीठ मळायला बसली. आबांची नजर आता गाडीतल्या गादीवर होती. ते म्हणाले, "तुझी वाकळ वर असायची."

"कुठं वर?"

"घोडीवर. समद्याच्या वर. तू बसायचास तितं." आणि मग, जणू काही हे मला माहीतच आहे अशा आवाजात, "तुला इंदापूरला ठिवला त्या साली बी व्हती. रोज सांजंला काढून पसरायची तिच्या शेजारी. सकाळी गुंडाळून परत वर. मी म्हणलं, पोर न्हाय तर वाकळ कशाला, रिकामं वझं. तर म्हणली, त्येच्याबिगर वझं बसत न्हाय. कोंबड्या घसरत्यात."

"घसरत होत्या का?"

"मला काय ठावं? बांधत तर तीच व्हती."

मी म्हटलं, पण मला शाळेत तुम्ही टाकलंत ना. मी ऐकलं होतं, ह्याच्यानं मेंढरं व्हायची न्हाईत. आबा माझ्याकडं बघून गोंधळले. "मी कशाला टाकू? येकुलतं पोर. मी तर न्हायच म्हणत व्हतो. तिनं दोन दिस भाकर खाल्ली न्हाय, मग व्हय म्हणलं. आता भावकीत काय सांगायचं? बायकूचं ऐकलं म्हणून? मग तसं सांगितलं." मग जमिनीकडं बघत म्हणाले, "तुला ऐकू गेलं व्हय ते."

मला पुढचंही विचारायचं होतं. तू त्या दिवशी वळून का बघितलं नाहीस ते. विचारलंही. आबा म्हणाले, "ते मला कसं ठावं असंल? मी मेंढरं घिऊन फुडं व्हतो." मी उठलो आणि ताडपत्रीचा घट्ट असलेला दोर पुन्हा घट्ट करायला गाडीच्या पलीकडं गेलो. तुझी सून आली नाही, हाकही मारली नाही. तव्यावर भाकरी टाकल्याचा आवाज आला, मग दुसरी टाकल्याचा. तिसऱ्या भाकरीला मी परत आलो आणि जेवायला बसलो.

आता हे ऐक. त्या पलंगासाठी मी रॅक काढला, मूठ बसवली, फळी वाढवली, झडप शिवून घेतली. आबा आत चढले, जरा वेळ पडले आणि बाहेर आले. "आत गुदमारतंय." चाकाशेजारी जमिनीवर घोंगडी टाकली आणि आडवे झाले. मग मीही माझं अंथरूण खाली ओढलं. तुझी सून त्या पलंगावर एकटी, हातपाय पसरून झोपली आणि सकाळी म्हणाली की इतकी चांगली झोप बऱ्याच दिवसांत लागली नव्हती. आबांच्या शेजारी मी लहानपणानंतर झोपलो नव्हतो. ते झोपेत मेंढरं हाकतात अजून, तोंडानं आवाज काढतात. ते मला माहीत नव्हतं. तुला माहीत असणार.

सकाळी आबा म्हणाले, आज मी बी भरू लागतो. ते एकेक वस्तू देत होते, मी लावत होतो. त्यांनी आधी तवा दिला, मग कांदे, मग गादी. सगळं भरलं आणि खण लागेना. बघतो तर पिठाचा डबा खालीच राहिलेला. पुन्हा काढलं, पुन्हा भरलं, या वेळी शेगडी राहिली. आबा दगडावर बसून हसायला लागले. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. "कशी करत व्हती गं ही," ते तुझ्या सुनेला म्हणाले. तिनं आम्हां दोघांना बाजूला केलं आणि भरलं. पीठ कुठं ठेवलंस ते मी तिला विचारलं, तर म्हणाली, "बघायचं होतंत की."

तेव्हापासून आबा रविवारी वस्तीवर गेलो की आधी गाडीत डोकावतात आणि विचारतात, कवा निघायचं. आता बावड्याच्या बाजूला नदीकाठी जायचं म्हणतायत, ते जवळ आहे. मग सुप्याच्या माळावर. कोकणात पुन्हा एकदा, मेंढरं परत फिरायची त्या सुमाराला, म्हणजे परतीची वाट दाखवतो म्हणाले.

हे पत्र कुठं टाकायचं हा प्रश्नच नाही. तुला वाचताही येत नव्हतं. पण एक सांगतो, हे कुणालाच माहीत नाही. वसतिगृहात दर शनिवारी सर सगळ्यांना घरी कार्ड लिहायला बसवायचे. मी लिहायचो नाही. सरांना सांगायचो, आमच्यात कुणाला वाचता येत नाही. ते खरंही होतं, पण तुम्हाला कुणीतरी वाचून दाखवलं असतं. खरं कारण वेगळं होतं. कार्डाच्या मागच्या बाजूला पत्ता लिहावा लागायचा, आणि तुम्ही कुठं आहात हे मला माहीत नव्हतं. ते पोरांपुढं बोलायची लाज वाटायची.